छोट्या कॉलेजातून स्टायपेंडवाली समर रिसर्च फेलोशिप मिळते का? अर्ज कसा करायचा?

तू लिहिलंयस की एसवाय बीएस्सीला आहेस, फिजिक्स, तालुक्याचं कॉलेज, सीजीपीए 7.4, कॉलेजात या भानगडीबद्दल कुणालाच काही माहीत नाही, आणि हे सगळं आयआयटी-आयसरवाल्यांसाठीच असतं का. नाही गं, त्यांच्यासाठीच नसतं. मी असल्याच कॉलेजातून गेलेय, फक्त दुसऱ्या फटक्यात. पहिल्या वर्षी सपशेल आपटले, आणि मार्कांमुळे नाही आपटले, म्हणून सविस्तर सांगते. (अगं-तुगं करतेय, राग मानू नकोस, मोठी आहे तुझ्यापेक्षा.)

आधी कुठे भरायचं ते. तुझ्यासाठी पहिला फॉर्म तीन विज्ञान अकादम्यांच्या समर फेलोशिपचा. बंगळूरची इंडियन अकॅडमी ऑफ सायन्सेस (सी. व्ही. रामन यांनी 1934 ला काढलेली तीच), दिल्लीची इन्सा (इंडियन नॅशनल सायन्स अकॅडमी) आणि प्रयागराजची नासी (नॅशनल अकॅडमी ऑफ सायन्सेस), तिघींचा मिळून एकच फॉर्म असतो. निवड झाली की देशातल्या कुठल्यातरी संस्थेत एका शास्त्रज्ञाच्या हाताखाली दोन महिने काम करायचं, स्टायपेंड मिळतो. फॉर्म दिवाळीच्या आसपास सुरू असतो, उन्हाळ्यात जायचंय म्हणून मार्चमध्ये शोधायला बसलीस तर गाडी कधीच गेलेली असते. मुंबईत मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचा निअस (NIUS) म्हणून कार्यक्रम आहे, 2004 पासून चालू आहे, खास बीएस्सीच्या सुरुवातीच्या वर्षातल्या पोरांसाठी, आणि त्यात सुट्ट्यांमध्ये शिबिराला बोलवतात, पुढे प्रोजेक्ट देतात. तो एफवाय-एसवायच्या बऱ्याच जणांना माहीतच नसतो आणि टीवायला कळतो तेव्हा उशीर झालेला असतो. बंगळूरच्या जेएनसीएएसआरची (जवाहरलाल नेहरूंच्या नावाची संशोधन संस्था) पण समर फेलोशिप आहे. मुंबईच्या टीआयएफआरचा (टाटा मूलभूत संशोधन संस्था) व्हीएसआरपी नावाचा उन्हाळी कार्यक्रम आहे, पुण्यात विद्यापीठाच्या आवारात एनसीआरए (रेडिओ खगोलशास्त्राचं केंद्र) आणि आयुका (खगोलशास्त्राची संस्था) आहेत (खोडदची ती 45 मीटरच्या 30 अँटेनांची दुर्बीण एनसीआरएचीच, 28 फेब्रुवारीला शाळांच्या सहली जातात ना, ती). पण प्रत्येक ठिकाणी कुठल्या वर्षाची मुलं चालतात ते वेगळं असतं, काही ठिकाणी एमएस्सीवालेच घेतात, तेव्हा त्या वर्षीची नोटीस पूर्ण वाच, व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या यादीवर विसंबू नकोस. परदेशाचं म्हणशील तर जर्मनीच्या डाड वाइजला (DAAD WISE, तिकडे जाऊन काम करायची शिष्यवृत्ती) तिकडच्या प्रोफेसरचं बोलावणं आधी स्वतः मिळवावं लागतं, आणि अमेरिकेत एनएसएफच्या (तिथली सरकारी विज्ञान निधी संस्था) पैशातून चालणारे आरईयू (REU, पदवीच्या मुलांसाठीचे संशोधन कार्यक्रम) फक्त तिथले नागरिक आणि ग्रीनकार्डवाले यांच्यासाठी असतात, माझ्या दोन मैत्रिणींनी त्यावर अख्खी दिवाळीची सुट्टी घालवली होती.

आता मी कशी आपटले. या फॉर्मना शिफारसपत्र लागतं आणि ते तू नाही, सरांनी भरायचं असतं. बऱ्याच ठिकाणी तू सरांचा ईमेल टाकतेस, त्यांना लिंक जाते, त्यांनी ते पत्र परस्पर अपलोड करायचं. मी टाकला ईमेल आणि निवांत बसले. आमच्या सरांचा तो ईमेल कॉम्प्युटर लॅबच्या दादांनी कधीतरी नॅकच्या (कॉलेजच्या मूल्यांकनाच्या) कामासाठी उघडून दिलेला, पासवर्ड दादांकडे आणि दादा रजेवर. लिंक तिथेच पडून राहिली, तारीख गेली, आणि मला हे कळलं जानेवारीत, तेही सहज बोलता बोलता. सरांचा दोष म्हणत नाही, मी एकदाही जाऊन विचारलं नव्हतं ना. तर तुझं पहिलं काम फॉर्म नाही, सर. कुठले सर? एचओडीच पाहिजेत असं काही नसतं, ज्यांनी तुला प्रॅक्टिकलला काम करताना बघितलंय ते. आणि त्यांनी असं पत्र कधी लिहिलेलंच नसेल तर ते कॅरॅक्टर सर्टिफिकेट लिहून मोकळे होतात, 'सिन्सिअर आहे, ओबिडिएंट आहे, गुड मॉरल कॅरॅक्टर आहे', ज्याने कुणाचं काही होत नाही. दुसऱ्या वर्षी मी काय केलं, एका कागदावर मुद्दे लिहून नेले की सर मी हा प्रयोग परत केला होता, हा सेमिनार दिला होता, तुम्ही मला अमुक प्रश्न विचारला होता, आणि त्यांच्या शेजारी बसले, त्यांनी त्यांच्या शब्दांत टाइप केलं, लिंक माझ्यासमोर उघडली, अपलोड झालं, मग चहा. काही जण सरांच्या नावाने खोटा ईमेल काढून स्वतःच पत्र टाकतात, तसलं चुकूनही करू नकोस.

दुसरी गोष्ट म्हणजे राइटअप. अकादमीच्या फॉर्मात साधारण 250 शब्दांत लिहायचं असतं की तुला काय करायचंय आणि का. पहिल्या वर्षी मी लिहिलं, लहानपणापासून विज्ञानाची आवड, कलाम सर प्रेरणास्थान, देशासाठी काहीतरी करायचंय. सगळं खरं होतं, पण ते अर्ध्या महाराष्ट्राने लिहिलेलं असणार, वाचणाऱ्याला त्यातून मी दिसणार कशी. दुसऱ्या वर्षी मी एलईडीचा प्रयोग लिहिला. तुम्हालाही असेल, वेगवेगळ्या रंगांचे एलईडी लावून प्लँकचा स्थिरांक काढायचा तो. सगळ्यांच्या जर्नलमध्ये 6.6 (गुणिले दहाचा उणे 34 वा घात, जूल-सेकंद) आणि माझं 5.1. मला सांगण्यात आलं 6.6 लिहून टाक, एक्स्टर्नल (बाहेरून येणारे परीक्षक) एवढं बघत नाहीत. मी लिहिलं पण, खोटं कशाला बोलू, पण डोक्यातून जाईना. मग सुट्टीत त्याच रीडिंगवरून ग्राफ परत काढले आणि लक्षात आलं की घोळ आहे तो 'नी व्होल्टेज' (knee voltage, म्हणजे एलईडीतून करंट वाहायला लागतो ते व्होल्टेज) कुठे धरायचं त्याचा, वक्र हळूहळू वळतो, एक ठाम बिंदू नसतोच, मी तीन पद्धतींनी धरला तर तीन वेगळी उत्तरं आली. राइटअपमध्ये एवढंच लिहिलं, की हे असं झालं, यातलं कुठलं बरोबर हे ठरवायची पद्धत मला येत नाही, ती जिथे शिकता येईल अशा प्रायोगिक ग्रुपमध्ये काम करायचंय. बस. क्वांटम कॉम्प्युटिंग नाही, ब्लॅकहोल नाही. निवड झाली. निव्वळ राइटअपमुळेच झाली असं छातीठोक सांगता येणार नाही, पण तिथे गेल्यावर गाइडनी पहिल्याच दिवशी 'ती 5.1 वाली तूच का' असं विचारलं होतं.

तुझ्याकडेही असला एखादा 5.1 असणार. न जुळलेलं रीडिंग, स्वतः सोल्डर करून जाळलेलं सर्किट, पायथॉनमध्ये अडकलेला प्रोग्रॅम, काहीही. ते शोध, 7.4 ची काळजी नंतर. 7.4 ने काही दारं बंद होतील हे खरंय, कटऑफ लिहिलेला असेल तिथे वेळ घालवू नकोस.

फॉर्म सोडून थेट प्रोफेसरांना मेल करायचाही रस्ता असतो. 'रिस्पेक्टेड सर, आय ॲम हायली इम्प्रेस्ड' वाला एकच मेल शंभर जणांना पाठवलास तर एकही बघणार नाही. अर्काइव्हवर (arXiv.org ही साइट) पेपर फुकट वाचायला मिळतात, एक उघड, निम्मा कळणार नाही, चालतं, जेवढा कळला त्यावर एक खरा प्रश्न विचार आणि मेल सहा-सात ओळींत संपव. मी चाळीसेक पाठवले होते, उत्तरं तीन, त्यातली दोन 'जागा नाही'. आणि हो, पैसे भरा आणि रिसर्च इंटर्नशिपचं सर्टिफिकेट घ्या म्हणणारे भेटतील, त्यांच्या नादी लागू नकोस, इथे पैसे त्यांनी तुला द्यायचे असतात.

पैशाचं म्हणशील तर पहिले पंधरा-वीस दिवस खिशातून खर्च करायची तयारी ठेव, स्टायपेंड कुठलाही असो, हातात पडायला वेळ लागतो. घरचे पाठवतील का असंही विचारलंयस. माझे बाबा नाहीच म्हणत होते, ऑफर लेटरवर संस्थेचं नाव आणि हॉस्टेलची सोय वाचल्यावर गप्प झाले, मग स्वतःच सोडायला आले आणि मेसचं सांबार दोन वेळा मागून घेतलं. तेव्हा आत्ताच घरात वाद घालू नकोस, पत्र हातात येऊ दे.

दहावीपासूनच्या मार्कशीट आणि फोटो आत्ताच स्कॅन करून ठेव, शेवटच्या रात्री साइट हमखास अडकते. राइटअप झाला की इथे टाक, वाचून सांगेन. पण त्याआधी उद्या कॉलेजला गेलीस की सरांना गाठ, ईमेल कुठला वापरता आणि तो उघडतो का ते विचार, कारण दिवाळीची सुट्टी लागली की ते गावी जातील आणि तिथे रेंज असेल याची खात्री नाही.