पाण्यामागे नको, टँकरमागे लागा

प्रश्न : काका, आमच्या वाडीखालून ओढा जातो. रात्री दोन-अडीचला टँकर येतो, पुलावर दिवे मालवून उभा राहतो आणि पाइप खाली सोडतो. सकाळी पाण्यावर तांबूस फेस आणि सगळ्यांच्या घशात खवखव. बचतगटाच्या बायका आणि तरुण मंडळाची पोरं मिळून आम्ही समिती केली, प्रदूषण नियंत्रण मंडळाला अर्ज दिला. आठवड्याने साहेब आले, बाटली भरून नेली. अहवाल आला : सगळं ‘मर्यादेत’. त्यात निम्म्या घरांतली माणसं एमआयडीसीत कामाला, म्हणून गावात दोन तट पडलेत. पुढे काय करावं?
— एक वाचक, जि. रायगड

उत्तर : ताई, अहवाल खोटाच असेल असं नाही. आठवड्याने ओढ्यात सापडणार काय? जे ओतलं ते कधीच खाडीला मिळालं. पुढच्या अर्जात काठचा गाळही तपासायला सांगा, जड धातू त्यात बसून राहतात. (माझी सगळी नोकरी कारखान्याच्या प्रयोगशाळेत गेली. नमुना कधी घेतला यावर तो पास की नापास हे बरंचसं ठरतं!)

पण खरा धागा टँकरचा आहे. २०१६ च्या घातक कचरा नियमांप्रमाणे असा माल बाहेर काढताना कारखान्याला मॅनिफेस्ट करावं लागतं, सात प्रतींत : माल कुणाचा, किती, कुठल्या गाडीतून, कुठे चालला. पहिली, पांढरी प्रत मंडळाकडे जाते. तेव्हा गाडीचा नंबर आणि तारीख मिळवा आणि माहिती अधिकारात विचारा की या गाडीवर त्या आठवड्यात कुणाकुणाची मॅनिफेस्ट आहेत. कागद निघाला, तर माल तळोज्याच्या किंवा रांजणगावच्या विल्हेवाट केंद्रात का पोचला नाही, याचं उत्तर कारखान्याला द्यावं लागेल. निघालाच नाही, तर चोरी आणखी उघडी पडली.

नंबर टिपायला जाणाऱ्या पोरांना मात्र बजावा : गाडी अडवायची नाही, पुलाखाली उतरायचं नाही. लांबून फोटो आणि लगेच ११२. सुरतेजवळ सचिनच्या औद्योगिक वसाहतीत जानेवारी २०२२ मध्ये अशाच टँकरच्या वायूने सहा कामगार गेले. उल्हासनगरला २०१४ मध्ये वालधुनी नदीकाठची शेकडो माणसं इस्पितळात पोचली होती.

तटांचं म्हणाल, तर ‘कारखाना बंद करा’ ही मागणी फलकावरून पुसून टाका. ‘घाण रीतसर केंद्रात पाठवा’ एवढंच मागा. टँकर कुठल्या गेटने, किती वाजता भरून निघतो हे त्या निम्म्या घरांनाच ठाऊक असतं.

तरी हललं नाही, तर पुण्याला राष्ट्रीय हरित लवादाचं, म्हणजे पर्यावरणाच्या खटल्यांच्या न्यायाधिकरणाचं, पीठ आहे. भरपाई मागायची नसेल तर फी १,००० रुपये, आणि वकिलाशिवायही उभं राहता येतं. पण मुदत सहा महिन्यांची, तीही पहिल्यांदा घाण ओतली तेव्हापासून मोजतील. मंडळाला दिलेल्या अर्जाची शिक्का मारलेली पोच आहे ना जवळ? नसेल तर उद्याच नवा अर्ज द्या आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.