सहलीवर निबंध कशाला?

प्रश्न : आमची मुलं दहा आणि सात वर्षांची. दोघांनाही घरीच शिकवतो. महिन्यातून दोन सहली ठरलेल्या. निघण्याआधी मी माहिती वाचून दाखवते, तिथे भरायला प्रश्नपत्रिका देते, घरी आल्यावर निबंध लिहून घेते. हल्ली सहलीचं नाव काढलं की दोघंही तोंड वाकडं करतात. शिवाय फिरण्यात गणित मागे पडतंय. माझं कुठे चुकतंय?

उत्तर : मी तर तुमच्या एक पाऊल पुढे होते. प्रश्नपत्रिकेला गुणही द्यायचे! मुलांना शाळेत घातलं नाही आणि शाळेतला सगळ्यात कंटाळवाणा भाग तेवढा घरी आणून ठेवला.

माझी ती खोड समुद्रावर मोडली. आम्ही चार दिवस किनाऱ्यावर राहायला गेलो होतो, मुलगी तेव्हा नऊ वर्षांची. भरती-ओहोटीवर मी मेहनतीने केलेलं टिपण बॅगेतच राहिलं. तिने एक खडक हेरला आणि पाणी त्याच्या पायथ्याला टेकलं ती वेळ लिहून ठेवली. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला जाऊन बसली, तर पाणी अजून लांबच. ‘‘समुद्राला उशीर झालाय,’’ म्हणाली. पाऊण तास वाट पाहिल्यावर पाणी टेकलं. तिसऱ्या दिवशी आणखी जवळजवळ तेवढाच उशीर. त्या रात्री अंगणात उभी राहून ती म्हणाली, ‘‘आई, चंद्रालाही रोज उशीरच होतोय.’’

मग मात्र मी तोंड उघडलं. पृथ्वीची एक गिरकी पूर्ण होईपर्यंत चंद्र थोडा पुढे सरकलेला असतो. त्याला गाठायला सरासरी ५० मिनिटं जास्त लागतात. तिने लगेच १४४० मिनिटांना ५० ने भागलं. साधारण २९ दिवसांनी भरती परत त्याच वेळेला. जरा वेळाने स्वतःच खोडलं, कारण तिथे दिवसातून दोनदा भरती येत होती. म्हणजे त्याच्या निम्मेच दिवस. माझ्या टिपणात यातलं अर्धंही नव्हतं.

तेव्हा सहली दोनच्या एक करा आणि त्याच जागी पुन्हा पुन्हा जा. नदीकाठ एकदा बघितला तर नुसतं पाणी दिसतं. चौथ्या खेपेला ‘मागच्या वेळी हा दगड बुडालेला होता’ हे मुलंच सांगतात. निघताना माहिती वाचून दाखवू नका, वाचन परत आल्यावर. तेव्हा ते मुलांनाच हवं असतं.

संग्रहालयात एकच दालन, फार तर तासभर. १९१६ साली बॉस्टनच्या कलासंग्रहालयात काम करणाऱ्या बेंजामिन आइव्हज गिलमन यांनी संग्रहालयात येणाऱ्या थकव्यावर लेख लिहिला होता. वस्तू आणि चिठ्ठ्या नीट दिसाव्यात म्हणून कसं वाकावं लागतं, हे एका माणसाचे फोटो काढून दाखवलं होतं. मोठ्या माणसाची ही गत, मग सात वर्षांच्या मुलीने काय करावं? तिला एका वस्तूसमोर फतकल मारून चित्र काढू द्या. बाकीची दालनं कुठे पळून जात नाहीत.

गणिताची तुमची काळजी मात्र रास्त आहे. फिरता फिरता सगळं गणित आपोआप होतं म्हणणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. तीन महिन्यांच्या भटकंतीत माझ्या मुलाचे अपूर्णांक पार गंजले होते. पाढे आणि अपूर्णांकांना रोज वीस मिनिटं द्यायचीच, प्रवासातसुद्धा. फक्त सहलीच्या दिवशी सुट्टी.

राहिला निबंध. ब्रिटिश शिक्षणतज्ज्ञ शार्लट मेसन शंभराहून अधिक वर्षांपूर्वी मुलांना वाचलेलं आपल्या शब्दांत सांगायला लावत; पाहिलेल्यालाही तीच रीत लागू पडते. जो सहलीला आला नव्हता, त्याला सांगू दे. आपल्याला सगळं ठाऊक असतं, म्हणून मुलं आपल्यापुढे उरकून टाकतात. दहा वर्षांच्याने हवं तर चार ओळी लिहाव्यात. धाकटीने बोलावं आणि तिचे शब्द न सुधारता तुम्ही उतरवून घ्यावेत. आमच्या वहीत ‘समुद्राला उशीर झालाय’ असंच लिहिलेलं आहे.