खोल दाबाचा मसाज आणि अनावर रडू

प्रश्न : गेल्या वर्षी दुचाकीच्या अपघातात माझ्या उजव्या खांद्याला मार बसला. हाड मोडले नव्हते आणि फिजिओथेरपीही पूर्ण झाली, तरी हात वर नेताना खांदा आखडतो; अपघात आठवला की तोच भाग आवळून येतो. मैत्रिणीने डीप टिश्यू, म्हणजे खोल दाबाचा, मसाज सुचवला आहे. तिला त्या वेळी खूप रडू आले आणि नंतर मोकळे वाटले. स्नायूंत साठलेले दुःख दाबाने बाहेर पडते, असे तिला सांगण्यात आले. हे खरे आहे का? मी हा उपचार घ्यावा का? – एक वाचक

उत्तर : घेऊन पाहायला हरकत नाही, पण त्याआधी अस्थिरोगतज्ज्ञांकडून खांदा पुन्हा तपासून घ्या. इतक्या काळानंतरही राहिलेल्या ताठरपणाचे मूळ कधी स्नायूंत नसून आखडलेल्या सांध्यात किंवा फाटलेल्या कंडरेत, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोरीत, असते, आणि तिथे नुसत्या दाबाने काही साधत नाही. तुम्ही रक्त पातळ करणारी औषधे घेत असाल, पूर्वी रक्ताची गुठळी झाली असेल, हाडे ठिसूळ असतील किंवा हात बधिर होत असेल, तर तेही डॉक्टरांना सांगून मगच पुढे जा.

स्नायूंभोवतीचे आवरण, म्हणजे फॅशिया, खोल दाबाने सुटे होते, ही समजूत रूढ आहे. अमेरिकी जीवरसायनशास्त्रज्ञ आयडा रॉल्फ (१८९६–१९७९) यांनी याच कल्पनेवर दहा सत्रांची पद्धत उभी केली. परंतु जाड फॅशिया इतका चिवट असतो की हाताच्या दाबाने त्याची ठेवण कायमची बदलणे फारसे संभवत नाही. आराम मिळतो तो बहुधा मज्जासंस्थेच्या मार्गाने : सावकाश, स्थिर दाबाने वेदनेची जाणीव काही काळ मंदावते, आवळून धरलेला स्नायू सैल पडतो आणि हात हलवण्याची धास्ती कमी होते. हा मोकळेपणा तात्पुरता असतो. तो टिकवायचा असेल तर फिजिओथेरपिस्टने शिकवलेले, हळूहळू भार वाढवत नेण्याचे व्यायाम सोडून चालणार नाही. दाब सोसवेना आणि श्वास रोखला जाऊ लागला, की तो कमी करायला सांगा. जितके दुखेल तितका गुण, हा समज चुकीचा आहे. मानेच्या पुढच्या भागावर मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या असतात, तिथे खोल दाब मुळीच देऊ देऊ नका. नंतर एक-दोन दिवस अंग ठणकू शकते. मुंग्या, बधिरपणा किंवा वाढती सूज मात्र डॉक्टरांना दाखवावी.

आता रडण्याविषयी. दडपलेल्या भावना स्नायूंचे चिलखत बनून राहतात, असा विचार मनोविश्लेषक विल्हेल्म राइख यांनी १९३० च्या दशकात मांडला. स्नायूंत दुःख साठून राहते, याला पुरावा नाही. आठवणी जपतो तो मेंदू. परंतु धास्तावलेला मेंदू शरीराला सतत सावध ठेवतो, हे खरे आहे, आणि म्हणूनच तुमचा खांदा आठवणीसरशी आवळतो. शांत जागा, विश्वासाचा स्पर्श आणि संथ श्वास यांमुळे ती सावधगिरी उतरली की रडू येऊ शकते. मैत्रिणीचा अनुभव त्यामुळे अगदी खरा आहे. तुम्हाला तसे रडू आले तर संकोचू नका, आणि आले नाही म्हणून उपचार फसला असेही मानू नका.

माझा ठाम आक्षेप आहे तो रडू यावे म्हणून दाब वाढवण्याला आणि रुग्णाच्या अश्रूंचा अर्थ लावत बसण्याला. मसाज करणारी व्यक्ती मानसोपचारतज्ज्ञ नसते. तुम्हाला रडू आले तर तिने हात थांबवावा, पुढे जायचे का हे विचारावे आणि तुमचा नकार तत्काळ मानावा. ही तयारी आहे का, हे पहिल्या भेटीतच विचारून घ्या. अपघाताची स्वप्ने पडत असतील, त्या प्रसंगात पुन्हा सापडल्यासारखे होत असेल किंवा रस्त्यावर निघणेच टाळावेसे वाटत असेल, तर मसाजच्या आधी मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. अशा त्रासावर परिणामकारक उपचार उपलब्ध आहेत.