ठाण्यात राहतो, पोलो जीटी आहे, ट्रॅक डेसाठी (रेस ट्रॅकवर स्वतःची गाडी पळवायचा दिवस) स्वस्तातले टायर कोणते घेऊ?

सेमी-स्लिकच्या (जवळजवळ खाचा नसलेले ट्रॅकचे टायर) मागे लागू नका, ट्रेडवेअर (टायर किती टिकतो याचं रेटिंग) २०० ते ३०० चे समर परफॉर्मन्स टायर गाडीच्या मूळ साइजमध्येच घ्या, सुरुवातीला तेवढं बास आहे. हा आकडा बऱ्याच टायरच्या साइडवॉलवर असतो, कमी आकडा म्हणजे सहसा रबर मऊ आणि ग्रिप जास्त, पण झिजतंही भराभर, आणि दोन ब्रँडचे आकडे ताडून बघण्यात अर्थ नाही कारण रेटिंग ज्याची त्याची कंपनीच देते. दुकानदार 'जुना स्टॉक आहे, स्वस्तात देतो' म्हणाला की साइडवॉलवरच्या डीओटी कोडचे शेवटचे ४ आकडे बघा, त्यात टायर कधी बनला ते कळतं, २३२४ म्हणजे २०२४ चा २३ वा आठवडा. पडून पडून कडक झालेला टायर फुकटही नको! मात्र २०० वाला सेट पावसाळ्यात घोडबंदर रोडला नको, खाचा कमी असतात, साचलेल्या पाण्यात गाडी तरंगते.