टिपणं टाका, झर तेवढी सांगू नका

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. नोकरीसाठी साताऱ्याहून पणजीला येऊन तुम्हाला दोन वर्षं झाली. रविवारी फिरता, वहीत टिपणं ठेवता. ती इंटरनेटवर सगळ्यांसाठी टाकावीत असं वाटतं, पण ऑफिसातली इथलीच मैत्रीण म्हणते, "नको टाकूस, जागा नासतात." तर टाकावीत का, आणि टाकलीच तर त्यांत काय असावं?

मी माशेलचा. रोज पणजीला येऊन-जाऊन नोकरी करतो. फिरून टिपणं टाकायचा हाच उद्योग बारा-तेरा वर्षं माझाही चालू आहे. तुमच्या मैत्रिणीचं म्हणणं निम्मं खरं आहे. ते मला कसं कळलं ते आधी सांगतो.

माझ्या आजोळी डोंगराच्या पायथ्याला एक झर आहे. दगडी पन्हळीतून पाणी पडतं, खाली चार माणसं उभी राहतील एवढी फरसबंदी, बाजूला कपडे ठेवायला एक चिरा. लहानपणी मे महिन्यात आमची आंघोळ तिथेच. एका वर्षी मी तिच्याबद्दल लिहिलं, फोटो टाकले आणि नकाशावर नेमकी खूण करून दिली. कौतुक झालं, मीही फुशारलो. पुढच्या मे महिन्यात मामीचा फोन आला. रागावली नाही. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाली, "आम्ही आता पहाटे पाचलाच जातो रे झरीवर. मागाहून पुरुष येतात परगावचे."

त्या रविवारी मुद्दाम गेलो. वाटेवर अकरा दुचाक्या. फरसबंदीवर शाम्पूच्या पुड्या, आणि पन्हळीच्या तोंडाशी बिअरच्या दोन बाटल्या थंड व्हायला ठेवलेल्या. घरी येऊन सगळं काढून टाकलं, पण खूण तोवर दहा जणांच्या याद्यांत पोचली होती. त्या मला कशा पुसता येणार?

तेव्हापासून लिहायच्या आधी एकच विचार करतो: उद्या सकाळी इथे पाच गाड्या एकदम आल्या तर काय होईल?

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात पाचशे आल्या तरी काही बिघडत नाही. झाली तर पार्किंगची बोंब, आणि ती आधीपासूनच आहे. म्हणून बाजाराबद्दल मी हात सैल सोडून लिहितो: सकाळी लवकर जा, हरमलची मिरची बघा, मयड्याची केळी हातात घेऊन तर बघा, खाजें हा जत्रेतला गोड खाऊ घ्या. माशेलच्या चिखलकाल्याबद्दलही लिहितो. आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी देवकीकृष्णाच्या देवळापुढच्या मैदानात हा काला होतो. अंगाला तेल लावून गडी चिखलात उतरतात, खाऊ उधळला जातो. हल्ली पर्यटन खातंही त्यात उतरलंय, त्यामुळे लपवण्यासारखं काही उरलेलंच नाही. फक्त कॅमेरा घेऊन कडेला उभं राहिलात म्हणजे कोरड्या राहाल अशा भ्रमात राहू नका.

उलट फोंड्याकडची एक खाणावळ या विचारात बसत नाही. चार बाकडी, आत बाई एकटी. शीत म्हणजे भात, हुमण म्हणजे माशाची आमटी, तोंडाक म्हणजे रस्साभाजी, किसमूर म्हणजे सुक्या मासळीची कोशिंबीर, सोलकढी आणि त्या दिवशी जो मिळेल तो मासा. मी तिला म्हटलं, तुमच्याबद्दल लिहितो. तिने ताट ठेवता ठेवता सांगितलं, "नांव घालूं नाका हां बाबा. तीस जाणांक पुरता इतलें हुमण करतां हांव. एकतिसाव्याक कितें वाडूं?" यावर काय बोलणार? ती जागा माझ्या वहीत आहे, तिथेच राहील. अशा खाणावळी ओळखायच्या कशा ते मात्र मी सांगतो: साडेबारा-एकच्या सुमाराला जिथे गॅरेजवाले आणि बँकेतली माणसं दिसतील तिथे बसा, कार्ड मागू नका, मासा कुठला ते विचारा. एवढ्यावर ज्याला शोधायची त्याला सापडते. एकदम पन्नास जणांना सापडत नाही.

कासवांचंही तसंच. मोरजी, आगोंद, गालजीबाग इथे थंडीत कासवं अंडी घालायला येतात हे सर्वांना ठाऊक आहे, लिहायला हरकत नाही. पण घरटं नेमकं कुठे आणि रात्री किती वाजता, हे लिहायचं नाही. पणजीतल्या फोंतेन्हास या जुन्या वस्तीत तर लोकांच्या दारात, खिडकीत, जिन्यावर उभं राहून इतके फोटो निघतात की काही घरांवर फोटो काढू नका अशा पाट्या लागल्या. ती रंगीत घरं आहेत, सेट नाही, आत कुणाचे तरी सासरे दुपारचे झोपलेले असतात.

आता टाकावं असं काय? माझ्या मते तुमच्यासारखीने वाटा लिहाव्यात. एकेक ठिकाण सुटं सांगितलं की लोक तिथे उतरतात, फोटो काढतात, निघतात. वाट सांगितली की जरा थांबतात, बघतात.

माझी सगळ्यांत आवडती वाट म्हणजे मांडवीतल्या दिवाडी बेटावरून पलीकडच्या नार्व्याला. जुन्या गोव्यात व्हाइसरॉयची कमान ओलांडून खाली धक्क्यावर जायचं. पायी जाणाऱ्याला फेरीबोटीत तिकीट लागत नाही. फेरी टेकायच्या आधीच दुचाकीवाले इंजिन चालू करून बसलेले असतात. फळी धडाड्कन खाली पडली की आधी ते सुटतात, मग गाड्या, मग पायीची माणसं. नवख्याने मागे राहावं. पलीकडे उतरलं की दोन्ही बाजूंना खाजन, म्हणजे खाऱ्या पाण्याला बांध घालून राखलेली शेतं. मानशीकडे जरा थांबा. मानस म्हणजे भरती-ओहोटीचं पाणी आत-बाहेर सोडणारं दार. पुढे टेकडीवर पिएदादचं चर्च, वरून मांडवी दिसते. तिथून बेट ओलांडून नार्व्याच्या बाजूला जायचं. सप्तकोटेश्वराचं मूळ देऊळ इकडे, बेटावरच होतं. पायऱ्यांची तळी आणि अवशेष अजून बघायला मिळतात. हा गोव्याच्या कदंब राजांचा कुलदेव. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी देऊळ पाडलं, तेव्हा लिंग नदीपलीकडे डिचोलीच्या मुलखात नेलं गेलं, कारण तिथे त्यांचा अंमल नव्हता. तुम्हीही तीच नदी फेरीबोटीने ओलांडता आणि नार्व्याला उतरता. जवळच आजचं देऊळ. शिवाजी महाराजांनी बांधवून घेतलेलं, दारावरच्या शिलालेखात शके १५९० आहे, म्हणजे इ. स. १६६८. २०२३ साली त्याचा जीर्णोद्धार पुरा झाला. साताऱ्याच्या माणसाला तो शिलालेख दारात उभं राहून वाचताना काय वाटेल ते मी इथे सांगत बसत नाही.

ह्या वाटेवर मी एकदा तोंडावर आपटलोय, तेही सांगतो. शेवटची फेरी किती वाजता हे मी आठवणीतून लिहून टाकलं होतं. वेळ बदललेली. कोल्हापूरचं एक कुटुंब रात्री दिवाडीच्या धक्क्यावर येऊन उभं राहिलं. बेटाला पूल नाही, हे त्यांना माझ्याच लेखातून कळलं होतं, आणि पलीकडे जाणारी फेरी गेलेली. गाडीत झोपले बिचारे. दुसऱ्या दिवशी मला एकच ओळ पाठवली: "बेट छान आहे, डास फार." त्यानंतर मी वेळा लिहायच्या सोडल्या. "उतरताना फेरीवरच्या माणसाला शेवटची फेरी विचारून ठेवा" एवढंच लिहितो. आणि प्रत्येक टिपणाच्या डोक्यावर मी तिथे कोणत्या महिन्यात, कोणत्या वर्षी गेलो होतो ते घालतो. तुम्हीही घाला. इथे दोन वर्षांत पूल होतो, रस्ता एकदिशा होतो, चहाचं दुकान जाऊन बार येतो.

दुसरी गोष्ट कुलदेवतेची. महाराष्ट्रातून मला सगळ्यांत जास्त विचारणा याचीच होते, आणि समुद्रकिनाऱ्यांच्या याद्या करणाऱ्या एकालाही ती सुचत नाही. आजीने सांगितलेलं असतं, "आपली देवी गोव्यातली शांतादुर्गा." बरं, कुठली? कवळ्याची, की फातर्प्याची, की आणखी कुठली? एका गृहस्थांना घरच्या जुन्या कागदात "केळशीची शांतादुर्गा" असं मिळालं. त्यांनी नकाशात केळशी टाकलं आणि गाडी थेट दापोलीच्या केळशीला! तिथून फोन. मी म्हटलं, गाव आमचं वेगळं, आणि त्या गावातही देवी आता नाही, ती कवळ्याला आहे.

गोम अशी आहे की सोळाव्या शतकात साष्टी-तिसवाडीतली बरीच दैवतं नदी ओलांडून अंत्रुजात, म्हणजे आजच्या फोंडा तालुक्यात आली. मंगेश कुठ्ठाळीचा, आता मंगेशीला. म्हाळसा वेर्ण्याची, आता म्हार्दोळला. रामनाथ लोटलीचा, आता बांदोड्याला. आमचा देवकीकृष्णसुद्धा मूळचा चोडणचा. म्हणून आडनावातलं गाव एक आणि देऊळ भलतीकडे, असं होतं. विचारणाऱ्याला मी सांगतो: आडनावावर अडून बसू नका, घरात गोत्र आणि पालवी-देवता, म्हणजे कुलदेवाच्या जोडीचं दैवत, विचारा, मग देवळाच्या कार्यालयात जाऊन महाजनांची, म्हणजे देवळाच्या वंशपरंपरागत मानकरी घराण्यांची, चौकशी करा. राहायचं असेल तर बऱ्याच देवळांच्या अग्रशाळा आहेत, पण आधी फोन करून या, जत्रेच्या दिवसांत खोली मिळत नाही. आणि अर्ध्या चड्डीत देवळात जाऊ नका, दारातच अडवतील, मग लुंगी शोधत फिराल.

मासळीचं थोडक्यात. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते. जुलैत येऊन "ताजा इसवण", म्हणजे सुरमई, मागणाऱ्याला ताटात काय पडतं ते मी सांगायला नको. त्या दिवसांत नदीतला मासा विचारावा, शेवटो मिळाला तर नशीब. श्रावणात आमच्यातली निम्मी घरं मासळी सोडतात, त्यामुळे छोट्या खाणावळी बंदही मिळतील.

किरकोळ चार गोष्टी, ज्या इथला माणूस लिहीत नाही कारण त्याला त्या सांगण्यासारख्या वाटतच नाहीत. दुपारी एक ते साडेतीन-चार दुकानं बंद. आळशीपणा म्हणून हसू नका, ती आमची झोप आहे. भाड्याची दुचाकी काळ्या पाटीवर पिवळ्या आकड्यांची असेल तरच घ्या, पांढऱ्या पाटीची म्हणजे कुणाची तरी घरची गाडी, अपघात झाला तर विमावाला हात वर करेल. काणकोणला जायचं असेल तर मोपाचं विमान काढू नका, दाबोळीचं बघा. मोपा पेडण्यात आहे, राज्याच्या पार दुसऱ्या टोकाला. पावसाळ्यात समुद्रात उतरू नका, लाल बावटा शोभेला लावत नाहीत.

आणि इथेच तुमची टिपणं माझ्या टिपणांपेक्षा कामाची ठरतील. दुपारची बंद दुकानं मला बारा वर्षांत एकदाही लिहावीशी वाटली नव्हती, परभणीच्या एका बाईंनी विचारलं, "तुमच्या गावात कुणी वारलंय का?" तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. तुम्हाला पहिल्या महिन्यात जे जे अडलं, मग ते कदंबच्या, म्हणजे इथल्या सरकारी बसच्या, शटलची रांग कुठे लागते हे असो, उंडो आणि पोय या दोन पावांतला फरक असो, की पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंपू ऐकून नुसतं दार उघडायचं नसतं, पैसे घेऊन धावायचं असतं हे असो, ते सगळं आधी लिहा. ऑफिसातल्या मैत्रिणीला टाकायच्या आधी वाचायला द्या. ती ज्या ओळीवर "हें काड" म्हणेल ती ओळ भांडण न करता काढा. तिच्याही आजोळी एखादी झर असणार.

यंदा मे महिन्यात मामीकडे गेलो होतो. पाणी तसंच पडतंय, चिरा कुणीतरी हलवलाय. विचारलं, अजून पाचलाच जाता का? म्हणाली, "नाही रे, हल्ली गर्दी कमी झालीये. साडेसहाला जातो, उजाडल्यावर."