उन्हाळ्याच्या आकड्यांवर वर्षाचा हिशेब नको

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

आलेख मिळाला. ‘दक्षिण महासागर कार्बन डायऑक्साइड शोषतो’ असं तू खाली ठोकून दिलं आहेस. निष्कर्ष खोटा नाही, पण तुझ्या आकड्यांतून तो निघत नाही. ते सगळे डिसेंबर ते फेब्रुवारीचे, म्हणजे तिकडच्या उन्हाळ्याचे. त्यात तुझा दोष नाही. वास्कोच्या ध्रुवीय संशोधन केंद्राच्या मोहिमाही बहुतेक त्याच दिवसांत निघतात. हिवाळ्यात तिथे जहाज न्यायला कोण धजावतं?

पाणी एक अंश तापलं की त्यातल्या या वायूचा आंशिक दाब, म्हणजे पाण्यातून बाहेर पडण्याची त्याची ओढ, सुमारे ४ टक्के वाढतो. त्या न्यायाने उन्हाळ्यात अंटार्क्टिकाभोवतीच्या समुद्राने वायू सोडायला हवा. होतं उलटंच. बर्फ वितळतो, ऊन मिळतं, वनस्पती प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पती, फोफावतात आणि तापण्याचा परिणाम पुसून वर आणखी वायू ओढून घेतात. हिवाळ्यात वारा समुद्र घुसळतो, खालचं कार्बनने भरलेलं पाणी वर येतं आणि उघड्या समुद्रातून वायू बाहेर पडतो. जिथे बर्फाचं झाकण आहे तिथे तो अडकतो. झाकण निघालं की प्लवक त्यातला बराचसा हवेत जाण्याआधीच फस्त करतात.

२०१४ पासून सॉकॉम या दक्षिण महासागराच्या अभ्यास प्रकल्पाचे फ्लोट, म्हणजे माणसाविना तरंगत मोजणारी यंत्रं, हिवाळ्यातही मोजमाप करू लागले. २०१८ मध्ये त्यांच्यावरून हिवाळी उत्सर्जन समजलं होतं त्याहून बरंच जास्त दिसलं. २०२१ मध्ये विमानांतून घेतलेल्या हवेच्या मोजमापांनी मात्र वर्षभराचं शोषण भक्कमच असल्याचं दाखवलं. मला विमानांचं जास्त पटतं. फ्लोट वायू थेट मोजत नाही, पी.एच. म्हणजे पाण्याची आम्लता मोजतो आणि त्यावरून वायूचा दाब काढावा लागतो. पी.एच. मध्ये ०.०१ ची चूक म्हणजे ४०० मायक्रोॲटमॉस्फिअर (या दाबाचं एकक) मागे सुमारे ९ चा फरक, आणि समुद्र-हवेतली तफावतच अनेक ठिकाणी तेवढी असते!

जहाजावरचं मोजमापही सोवळं नाही. समुद्राचं पाणी नळीतून प्रयोगशाळेत येईपर्यंत अर्धा अंश तापलं, तरी जवळपास तेवढीच गडबड होते. तुझ्या तक्त्यात तापमानाचा एकच रकाना आहे. तो समुद्राचा की यंत्रातल्या पाण्याचा?

दोन्ही तापमानं लाव, दुरुस्ती कर. आलेखात मार्च ते नोव्हेंबर रिकामे सोड, रेघ ओढून जोडू नकोस. मग पुन्हा पाठव.

कळावे.