लॉकडाउनमध्ये बागेतला उपद्रव: तक्रार, फुटक्या काचा आणि विझवलेल्या शेकोट्या

कोरोनाच्या लॉकडाउनमध्ये (२०२०-२१) आलेला प्रश्न थोडक्यात असा होता: लॉकडाउनमुळे बाकी सगळं बंद, म्हणून जवळच्या बागेत अंधार पडला की टोळकी जमतात. दारू, फुटक्या बाटल्या, शेकोट्या, मोठ्याने गाणी. तक्रारी करूनही फरक पडत नाही.

तक्रार वाया जाते ती बहुतेक वेळा तिच्या शब्दांमुळे. 'बागेत रोज धिंगाणा चालतो' एवढ्यावरून कोणाला, कधी आणि कुठे पाठवायचं हे समोरच्याला ठरवता येत नाही. आधी प्रकार वेगळे करा. मारामारी, धमकी, आग, आत घुसलेल्या मोटरसायकली यांसाठी त्याच क्षणी पोलिसांना किंवा अग्निशमन दलाला फोन. कचरा, मोडका बाक, बंद दिवा हे बागेची देखभाल करणाऱ्यांकडे. चार जण बाकावर शांत बसले असतील तर तो लॉकडाउनच्या नियमांचा भंग असेलही, पण उपद्रव नाही. तेही त्याच यादीत घातलंत की खऱ्या तक्रारींचं वजन जातं.

मग दोन-तीन आठवडे नोंद ठेवा. तारीख, सुरू झाल्याची आणि संपल्याची वेळ, नेमकी जागा (कोणतं फाटक, कोणता बाक), अंदाजे किती जण, काय केलं, कोणाला कळवलं, तक्रार क्रमांक. ऐकीव गोष्टी वेगळ्या लिहा. नोंदी एकत्र पाहिल्या की बहुधा दोन-तीन वार आणि दोन-तीन तासच वर येतात. गस्त मागायची ती त्या वेळेची. गस्तीचं मनुष्यबळ आधीच ताणलेलं असताना ठरावीक वेळेची मागणी मान्य होण्याची शक्यता जास्त. फोटो काढायचे ते नुकसानीचे. मुलांचे चेहरे सोसायटीच्या ग्रुपवर टाकू नका. त्यातून चुकीच्या पोराचं नाव खराब होतं आणि भांडण घरापर्यंत येतं. प्यायलेल्या टोळक्याला एकट्याने हटकायला तर मुळीच जाऊ नका.

सकाळी पहिली काळजी काचांची. गवतात काच पात्यांखाली सरकते, वरून दिसत नाही आणि गवत कापायच्या यंत्रात सापडली तर उडते. उजेड पुरता व्हायच्या आत टॉर्च जमिनीला जवळजवळ टेकवून आडवा प्रकाश टाका, तुकडे चमकतात. जाड चामडी हातमोजे आणि चिमटा वापरा. पातळ रबरी मोजे काच सहज कापते. तुकडे झाकणाच्या कडक डब्यात टाका. प्लास्टिकच्या पिशवीतून ते बाहेर येतात आणि कचरा उचलणाऱ्याचा हात कापला जातो. मुलांच्या वाळूच्या खड्ड्यात बाटली फुटली असेल तर वरवर वेचून भागत नाही. वाळू चाळावी लागते, चुरा जास्त असेल तर बदलावीच लागते. तोवर खड्डा बंद ठेवायला सांगा. सुई दिसली तर टोपण लावायचा प्रयत्न नको. जागा अडवून ठेवा आणि संबंधितांना कळवा.

शेकोटीवर माती टाकून निघून जाणं ही नेहमीची चूक. मातीखाली निखारे तासन्‌तास धुमसतात. कोरडा पालापाचोळा आणि मुळं असतील तर आग आतल्या आत पसरते. पाणी सावकाश ओता, काठीने ढवळा, पुन्हा ओता. चरचर आणि वाफ थांबली की हाताची मागची बाजू राखेच्या वर धरून पाहा. ऊब लागली तर अजून पाणी. राख गार झाल्याशिवाय कचराकुंडीत टाकू नका, आणि हाताला लावलेलं सॅनिटायझर वाळण्याआधी हात आगीजवळ नेऊ नका, त्यातला अल्कोहोल पेट घेऊ शकतो.

कुंडी भरून वाहत असेल तर शेजारी पिशवी ठेवू नका. कुत्री आणि कावळे ती रात्रीत फाडतात. लॉकडाउनमध्ये बागेवरची गर्दी वाढली असेल, तरी कुंड्या रिकाम्या करण्याचं वेळापत्रक जुनंच राहिलेलं असू शकतं. वाढीव फेरी मागा आणि मोठी कुंडी बाहेर पडायच्या वाटेवर मागा. स्वच्छतागृह बंद असेल तर झुडपांमागच्या घाणीचं ते मोठं कारण आहे, त्याचीही स्वतंत्र तक्रार करा. लॉकडाउनमध्ये सामूहिक सफाई मात्र परवानगीशिवाय नको. अंतर ठेवा, एकाची अवजारं दुसऱ्याने वापरू नयेत.

आडोसे कमी करणं खरोखर उपयोगी पडतं. वाटेलगतची झुडपं साधारण १ मीटरच्या खाली आणि झाडांच्या फांद्या २ मीटरच्या वर राहिल्या तर आरपार दिसतं. छाटणी पक्ष्यांची घरटी तपासूनच. दिव्याचं तसं नाही: कोणाचीच नजर पोचत नाही अशा कोपऱ्यात दिवा लावला तर तिथे बसण्याची सोयच होते.

बाक काढून टाका, फाटकाला कायमचं कुलूप लावा, या मागण्यांना माझा ठाम विरोध आहे. बाक गेला की आधी वृद्धांचं फिरणं थांबतं. टोळकं पायरीवर बसतं. एका खोलीत पाच जण राहणाऱ्यांना लॉकडाउनच्या दिवसांत मोकळी हवा दुसरीकडे कुठेच नव्हती. मागायचंच असेल तर नोंदवहीत दिसलेल्या वेळेआधी फाटक बंद करणारा माणूस मागा, आणि अर्जासोबत नोंदींची प्रत जोडा.